पडद्यामागचा परवाना

१९९७ सालच्या १५ ऑगस्टला आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाची धामधूम चालू होती. त्याच तारखेला पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, मेक्सिकोत, मिगेल दे इकाझा या २४ वर्षांच्या तरुणाने एक जाहीर पत्र जगापुढे ठेवले. आपण आणि आपला मित्र फेदेरिको मेना मिळून संगणकाच्या पडद्याची एक नवी मांडणी उभारायला घेतली आहे. ती सर्वांसाठी मोकळी राहील. ज्याला येता येईल त्याने मदतीला यावे, असा त्या पत्राचा आशय. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग. आपला तिरंगा त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही नसेल. पण पत्राचा विषय मात्र स्वातंत्र्याचाच होता. कारण तशी एक मांडणी आधीच तयार होत होती. ती देखणी होती, फुकट मिळत होती आणि वर्षभरात तिने चांगले बाळसेही धरले होते. तरीही ती नको, असे या तरुणाचे आणि त्याच्या बाजूच्या मंडळींचे म्हणणे होते.

फुकट मिळणारी चालती वस्तू शहाणी माणसे का नाकारतात, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

संगणक सुरू केला की पडद्यावर जे दिसते, म्हणजे मागचे चित्र, कडेची पट्टी, कागदांच्या आकृत्या, कचऱ्याची टोपली, त्या सगळ्याला मिळून डेस्कटॉप म्हणतात. टेबलाचा वरचा पृष्ठभाग एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आम्हा शिक्षकांना ही उपमा चटकन पटते. टेबलावर हजेरीपट डावीकडे, खडूची पेटी उजवीकडे, घंटा समोर. बदलीवर आलेल्या गुरुजींनी घंटा नुसती दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली, तरी जुन्या माणसाचा हात दहा दिवस चुकत राहतो. ही टेबलाची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात रुजली, अॅपलच्या मॅकिन्टॉशने १९८४ साली ती बाजारात लोकप्रिय केली आणि विंडोज ९५ने ती घरोघर पोचवली. या दोन्ही ठिकाणी टेबल कंपनी मांडून देई. गिऱ्हाइकाने त्यावर बसून काम करायचे. टेबल कोणते निवडावे, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तो उद्भवला लिनक्सच्या घरी. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने १९८३ साली ग्नू नावाचा संकल्प सोडला होता : संगणक चालवणारी एक संपूर्ण व्यवस्था अशी घडवायची, की तिची मूळ संहिता कुणालाही वाचता यावी, बदलता यावी, शेजाऱ्याला देता यावी. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोहोंना एकच शब्द असल्यामुळे बिचाऱ्या स्टॉलमनचे अर्धे आयुष्य त्यातला फरक समजावून देण्यात गेले. आपल्या मराठीला सुदैवाने दोन शब्द आहेत. १९८९ साली त्यांच्या संस्थेने जीपीएल नावाचा एक परवाना काढला. त्याचे मर्म असे : ही वस्तू घ्या, बदला, वाटा, पण वाटताना, तुम्हांला जे हक्क मिळाले तेच पुढच्यालाही द्या. मध्येच कुंपण घालू नका. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने या व्यवस्थेला हवा असलेला गाभा लिहिला, पुढच्या वर्षी तो याच परवान्याखाली आणला, आणि घर उभे राहिले.

पण घरात बसायला नीट जागा नव्हती. पडद्यावर खिडक्या काढण्याची सोय एक्स नावाच्या व्यवस्थेत होती. ती अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९८४ साली जन्मली. तिच्या कर्त्यांनी एक तत्त्व पाळले होते, की आपण साधन द्यावे, पण ते कसे दिसावे, कसे वागावे, याची सक्ती करू नये. तत्त्व उदात्त खरे. परिणाम असा झाला, की प्रत्येक प्रोग्रामची बटणे निराळी, याद्या निराळ्या, सरकपट्ट्या निराळ्या. एका प्रोग्राममध्ये मजकूर उचलून दुसऱ्यात ठेवावा तर तो ठेवला जाईलच याची खात्री नाही. दहा सुतारांनी एकमेकांना न विचारता केलेले सामान एका खोलीत कोंबावे, तसा तो पडदा दिसे. जाणत्यांना त्याचे काही वाटत नसे. अडत होते ते न जाणत्यांचे.

जर्मनीत ट्युबिंगेन विद्यापीठात मथियास एटरिश नावाचा विद्यार्थी होता. आपल्या मैत्रिणीचा संगणक लिनक्सवर लावून देताना त्याच्या लक्षात आले, की पत्र लिहावे, काही वाचावे, घटकाभर खेळावे, एवढीच अपेक्षा असलेल्या माणसाला हे घर राहण्याजोगे नाही. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी त्याने जाहीर आवाहन केले आणि केडीई या प्रकल्पाचा आरंभ झाला. यंत्र सांभाळणाऱ्या तज्ज्ञासाठी नव्हे, तर ते नुसते वापरणाऱ्यासाठी पडदा मांडायचा, हा त्याचा हेतू त्याने स्वच्छ सांगितला होता. मला या सगळ्या कथेत हा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. मोठमोठ्या सिद्धान्तांची भांडणे पुढे पुष्कळ झाली, पण मुळाशी एका मुलीची अडचण होती.

पडद्यावरची बटणे, याद्या, चौकटी दरवेळी नव्याने घडवायच्या म्हणजे आयुष्य पुरायचे नाही. त्यासाठी तयार साचे लागतात. एटरिशने असे साचे शोधले आणि त्यांतले उत्तम निवडले. नॉर्वेच्या ओस्लो शहरात ट्रोलटेक नावाची एक लहान कंपनी १९९४ साली निघाली होती. तिने क्यूट नावाचा साच्यांचा संच तयार केला होता. काम सुबक होते. लिनक्ससारख्या व्यवस्थांवर मुक्त प्रोग्राम लिहिणाऱ्याला तो संच फुकट मिळे आणि त्याची संहिताही वाचायला मिळे. अट एकच होती : त्यात स्वतः फेरफार करून तो बदललेला संच दुसऱ्याला वाटायचा नाही. मालकी ट्रोलटेकची.

ठिणगी पडली ती इथे. केडीईचे स्वतःचे प्रोग्राम जीपीएलखाली होते, आणि ते बसवले होते क्यूटच्या साच्यांत. जीपीएल म्हणतो, संपूर्ण वस्तू वाटताना सगळे हक्क पुढे द्या. क्यूट म्हणतो, माझ्या भागाचे सगळे हक्क देता येणार नाहीत. दोन करार एकाच वस्तूवर, आणि एक पाळावा तर दुसरा मोडतो.

बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ सोवळ्या-ओवळ्याचा वाद वाटे. पंगतीत पक्वान्न वाढलेले असताना पाणी कोणत्या विहिरीचे, म्हणून कुणी पानावरून उठावे, तशातला. केडीईच्या बाजूचे लोक तसे म्हणतही. ट्रोलटेकची माणसे भली आहेत, ती मुक्त प्रोग्रामांच्या वाटेत कधी आली नाहीत, मग कागदाचा कीस कशाला काढता? हे म्हणणे खोटे नव्हते. पण ज्याने गावात भाऊबंदकी पाहिली आहे, त्याला दुसऱ्या बाजूचे बोलणेही कळेल. आजचा मालक भला आहे. उद्या त्याने जागा विकली तर? लिनक्सच्या प्रत्येक घराचा दर्शनी भाग जर त्या साच्यांवर उभा राहिला, तर साऱ्या मुक्त व्यवस्थेच्या किल्ल्या एका खाजगी कंपनीच्या कमरेला जातील. आणि कंपनी विकली जाणार ही शंका काही अवास्तव नव्हती. पुढे २००८ साली ट्रोलटेक खरोखरच नोकियाने विकत घेतली, आणि काही वर्षांनी नोकियानेही तो धंदा दुसऱ्याच्या हवाली केला.

या शंकेतूनच १९९७ सालच्या १५ ऑगस्टचे ते पत्र निघाले. दे इकाझा त्याच उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टमध्ये मुलाखत देऊन आला होता. त्याच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि पदवीवाचून अमेरिकेचा कामाचा परवाना मिळण्यासारखा नव्हता. (पदवी नसलेल्या प्रस्तुत लेखकाला हा तपशील लिहिताना थोडा आनंद झाला, हे लपवत नाही.) नव्या प्रकल्पाचे नाव ग्नोम. साचे म्हणून त्याने जीटीके घेतले. बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिम्प नावाचा चित्रे रंगवण्याचा प्रोग्राम केला होता. त्यासाठी घडवलेले हे साचे संपूर्ण मुक्त होते. तिसरीही एक तुकडी निघाली. हार्मनी या नावाखाली तिने क्यूटचीच हुबेहूब मुक्त प्रतिकृती करायला घेतली. म्हणजे एका अटीच्या मागे लागून शेकडो माणसांनी आपल्या फावल्या वेळाची वर्षे वेचली. एवढा खटाटोप परवान्यावरच्या एका ओळीसाठी!

मग निवड करण्याची पाळी आली ती वाटप करणाऱ्यांवर. लिनक्सचा गाभा आणि हजारो प्रोग्राम एकत्र बांधून गिऱ्हाइकाच्या हाती देणाऱ्या संस्था निरनिराळ्या होत्या. जर्मनीच्या सूसेने केडीई आपलासा केला. अमेरिकेच्या रेड हॅटने तो बाहेर ठेवला आणि ग्नोमच्या कामाला पगारी माणसे लावली. तेव्हा गाएल दुवाल या फ्रेंच तरुणाने रेड हॅटचीच बांधणी घेऊन तीत केडीई घातला आणि १९९८च्या जुलैत मँड्रेक या नावाने ती वाटली. परवाना मुक्त असल्याने रेड हॅटला हरकत घेण्याचे कारण नव्हते. स्वातंत्र्याची ही गंमत. ज्याने ते दिले, त्याच्याच अंगणात दुसरा दुकान मांडतो.

खरा कसोटीचा निर्णय डेबियनचा. इयन मर्डॉकने १९९३ साली स्थापलेली ही संस्था कुणा कंपनीची नव्हे. ती चालवतात स्वयंसेवक. १९९७ साली त्यांनी एक सामाजिक करार जाहीर केला होता, आणि कोणती वस्तू मुक्त म्हणायची याचे निकष लिहून काढले होते. १२ जुलै १९९८ रोजी केडीईची पहिली पक्की आवृत्ती निघाली. लोक तिच्यावर खूश होते. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डेबियनने जाहीर केले, की दोन परवान्यांचा मेळ बसत नाही, म्हणून आम्ही केडीई वाटणार नाही. आमच्या भांडारातूनही तो काढत आहोत. केडीईच्या लेखकांनी स्वतःच्या संहितेपुरती सवलत लिहून दिली असती तर तेवढा भाग सुटला असता. पण काही प्रोग्राम दुसऱ्यांच्या जीपीएल संहितेवरून बेतलेले होते, आणि त्या मूळ लेखकांची परवानगी कुणी विचारली नव्हती. परक्याच्या विश्वासाने दिलेली वस्तू आपण आपल्या सोयीच्या अटीवर पुढे देणार नाही, हा डेबियनचा पवित्रा होता. पुष्कळांनी त्यांना आडमुठे म्हटले. माझ्या मते ते आडमुठे होतेच. आणि त्यांनी तसे असणे भाग होते.

कारण त्या आडमुठेपणाला ओस्लोत उत्तर मिळू लागले. १९९८च्या जूनमध्येच ट्रोलटेकने केडीईबरोबर एक करार करून एक प्रतिष्ठान स्थापले होते : कंपनीने क्यूटची मुक्त आवृत्ती काढणे बंद केले आणि १२ महिने उलटले, तर प्रतिष्ठानाने ते साचे सर्वांना खुले करावेत. कंपनी विकली गेली तरी करार टिकला. नव्या मालकांनाही तो पुढे चालवावा लागला. मग त्याच वर्षाच्या अखेरीस क्यूटसाठी नवा, बराच सैल परवाना जाहीर झाला. तो मुक्त होता, पण जीपीएलशी अजून जुळत नव्हता. अखेर २००० सालच्या सप्टेंबरात ट्रोलटेकने क्यूट थेट जीपीएलखालीच आणला. चार वर्षांची गाठ एका दिवसात सुटली.

इथे स्टॉलमननी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी लिहिले, की पुढचे झाले ते उत्तम. पण मागे जो परवान्याचा भंग घडला, तो आपोआप पुसला जात नाही. ज्यांची संहिता वापरली, त्यांच्याकडे क्षमा मागावी. आणि आमच्या संस्थेच्या संहितेपुरती आम्ही ती देतो. केडीईची मंडळी अर्थातच भडकली. लग्न लागल्यावर मांडवात जुनी उधारी काढणाऱ्या काकांसारखे हे वागणे होते. कायद्याच्या दृष्टीने काका बरोबर, आणि मांडवात मात्र कुणी त्यांच्याकडे बघेना! असो. डेबियनने केडीईला परत घेतले आणि जुलै २००२च्या पक्क्या आवृत्तीत तो सन्मानाने आला.

मग ग्नोमचे कारणच संपले, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. पण तोवर ग्नोम स्वतःच्या पायावर उभा होता. सन कंपनीसारखे मोठे आश्रयदाते त्याला मिळाले होते. शेजारच्या घराशी भांडण म्हणून बांधलेल्या घरात आता मुलेबाळे नांदत होती. ते मोडायचे कशाला? दोन्ही बाजूंच्या समंजस लोकांनी २००० सालापासून एकत्र बसून सामायिक नियम ठरवायला सुरुवात केली, म्हणजे एकाकडचा प्रोग्राम दुसऱ्याकडे सुखाने चालावा. त्यानंतर निवड खऱ्या अर्थाने आवडीची झाली.

केडीई आपण कधी पाहिलाही नाही, असे वाचकांतील बहुतेकजण म्हणतील. पण केडीईसाठी लिहिलेला, जालावरची पाने पडद्यावर उमटवणारा भाग २००३ साली अॅपलने आपल्या सफारीचा पाया म्हणून जाहीर केला. त्यावरून वाढलेली संहिता २००८ साली गूगलच्या क्रोममध्ये गेली. तुमच्या खिशातल्या फोनवर आज जी पाने उघडतात, त्यांच्या वंशावळीत ट्युबिंगेनच्या त्या विद्यार्थ्याने मांडलेले टेबल आहे. एटरिशला २००९ साली जर्मन सरकारने राष्ट्रीय सन्मानपदक दिले.

निवडीचा हक्क हाती आल्यावर लोकांनी त्याचे काय केले, याचे एक गोड उदाहरण स्पेनमधले आहे. एस्त्रेमादुरा हा तिथला गरीब, शेतकरी प्रांत. २००२ साली त्याने आपल्या शाळांसाठी डेबियनवर आधारलेली स्वतःची बांधणी केली आणि तीत ग्नोमचा पडदा निवडला. मग प्रोग्रामांना आपल्या मातीतली नावे दिली. चित्रे रंगवण्याच्या गिम्पला त्यांनी आपल्या प्रांतातील जुना चित्रकार झुर्बारान याचे नाव दिले. कोल्हापूरकरांनी हे काम केले असते, तर त्या प्रोग्रामला आबालाल रहिमान म्हटले असते! मराठीलाही या मोकळेपणाचा लाभ झाला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने मूळ घडवलेले लोहित हे भारतीय लिप्यांचे टंक रेड हॅटने २००४ साली मुक्त केले. ग्नोम आणि केडीई दोहोंचे मराठी अनुवाद झाले. कंपनीच्या टेबलावर मराठी येते ती कंपनीला परवडली तर. इथे ती आणायला कुणाची परवानगी लागली नाही, चार माणसे खपायला तयार असली की पुरे झाले.

आवडीचा प्रश्न मात्र परवान्याइतका सरळ सुटत नाही. एप्रिल २०११मध्ये ग्नोमने तिसरी आवृत्ती काढली आणि टेबलावरची प्रत्येक वस्तू हलवली. खालची पट्टी गेली, खिडकी खाली दडवण्याचे बटण गेले. लोक संतापले. पण संहिता मुक्त असल्याने नुसते संतापून थांबले नाहीत. अर्जेंटिनातील एकाने जुना ग्नोमच पुढे चालवायला घेतला आणि तिकडच्या चहासारख्या पेयावरून त्याला माते नाव दिले. लिनक्स मिंटने नव्या ग्नोमवरून सिनॅमन काढला. उबुंटूने त्याच महिन्यात युनिटी नावाची आपली निराळी चूल मांडली, आणि २०१७ साली ती विझवून ती मंडळी ग्नोमकडे परतली. खुद्द टोरवाल्ड्सचे पाहा : २००५ साली ते लोकांना केडीई वापरा म्हणाले, २००९पर्यंत ग्नोमवर गेले, २०११ साली रागावून एक्सएफसीई या आटोपशीर पडद्याकडे वळले, आणि २०१३ साली पुन्हा ग्नोमवर दिसले. ज्याने घराचा पाया घातला, त्यालाच बैठक सापडेना.

वैयक्तिक पातळीवर हे सारे मौजेचे. पण डेबियनसारख्या संस्थेला एक ठरवावेच लागते. सगळे पडदे तिच्या भांडारात असतात. तरी बसवताना ज्याने काहीच निवडले नाही, त्याला कोणता द्यायचा? निवड करणारा आपली आवड सांगतो. न निवडणाऱ्याच्या वतीने दुसऱ्याला ठरवावे लागते, आणि ही जबाबदारी अधिक जड. २०१२ साली डेबियनच्या बांधणीत जोई हेस यांनी ग्नोमऐवजी एक्सएफसीई लावून पाहिले, कारण ग्नोम पहिल्या एका सीडीवर मावत नव्हता. तो बदल मागे घेतला गेला. नोव्हेंबर २०१३मध्ये त्यांनी तो पुन्हा केला; वर्षभर अनुभव घेऊन मग ठरवू, असे म्हणून. हलका पडदा, जुन्या यंत्रांवर धावणारा, सवयीची मांडणी न मोडणारा. आमच्या शाळेच्या संगणक-खोलीतली यंत्रे पाहता माझे मत मी डोळे मिटून एक्सएफसीईला दिले असते.

पण २०१४च्या सप्टेंबरात निर्णय फिरला आणि ग्नोम परत आला. कारणे एकाहून अधिक होती. यंत्राच्या इतर भागांशी त्याचा मेळ चांगला बसत होता, हे एक. पण अग्रभागी होते ते दृष्टिहीन आणि अन्य अपंग वापरकर्त्यांचे. सनच्या अभियंत्यांनी ग्नोमच्या घडणीत पूर्वीच एक सोय विणलेली होती : पडद्यावरचे प्रत्येक बटण, प्रत्येक यादी आपले नाव आणि स्थिती दुसऱ्या प्रोग्रामला सांगू शकते. त्या आधारे ओर्का नावाचा प्रोग्राम पडदा मोठ्याने वाचून दाखवतो. त्याची सुरुवात सनमधील मार्क मल्काही या स्वतः दृष्टिहीन असलेल्या प्रोग्रामरने केली, आणि २००६ सालापासून तो ग्नोमचा भाग आहे. एक्सएफसीईत ही सोय तेव्हा तितकी पक्की नव्हती. डोळस माणसाला नावडता पडदा मिळाला तर तो कुरकुरतो आणि पाच मिनिटांत दुसरा बसवतो. न दिसणाऱ्या माणसापुढे मुका पडदा आला, तर दुसरा बसवण्यासाठी लागणारी यादीही त्याला वाचता येत नाही.

२५ एप्रिल २०१५ रोजी डेबियनची आठवी आवृत्ती निघाली, ती ग्नोम घेऊन. तिच्या आधीच्या आवृत्तीपासून आणखी एक सोय चालत आलेली आहे. बसवण्याची तबकडी घातली की यंत्र एक बारीक शीळ देते. त्या वेळी एस हे अक्षर आणि एंटर दाबले, की यंत्र बोलू लागते. भाषा विचारते, देश विचारते, आणि शेवटाकडे पडद्यांची यादी एकेक नाव घेत वाचून दाखवते : ग्नोम, एक्सएफसीई, केडीई, सिनॅमन, माते. मग उत्तराची वाट पाहत थांबते.